चुकून दिलेला पैसा आणि त्याची परतफेड : एक विधिविषयक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

सोलापूरच्या चादरी व टॉवेल ज्या वस्त्यांतील मागांवर विणले जातात त्यांत शहराच्या पूर्व भागातील भवानी पेठेची गणना होते. तेथील एका लहान यंत्रमाग कारखान्याचे उदाहरण कल्पू. शनिवारी सायंकाळी कारखानदाराने एका विणकर कामगाराची आठवड्याची मजुरी, रुपये ३,५००, मोबाइलवरील ॲपमधून पाठविली. त्याच्याजवळ कामगाराचा जो क्रमांक होता तो कामगाराने वर्षभरापूर्वी सोडून दिला होता. असा बंद झालेला क्रमांक ९० दिवसांची मुदत उलटल्यावर मोबाइल कंपनीस दुसऱ्या ग्राहकास देता येतो. तसा तो दिला गेला होता, आणि नव्या धारकाने त्यास आपले बँकखाते जोडले होते. पैसे देण्यापूर्वी पडद्यावर नाव उमटले होते. परंतु आडनाव तेच असल्यामुळे कारखानदाराने पुढील अक्षरे वाचली नाहीत. रक्कम काही क्षणांत तिऱ्हाइताच्या खात्यात जमा झाली.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, कामगाराचे देणे फिटलेले नाही. भलत्यास दिलेल्या पैशाने खऱ्या धनकोचे ऋण फिटत नाही. मजुरी देण्याची जबाबदारी कारखानदारावर कायम आहे. परंतु ज्याचे भांडवल आठवड्याच्या उलाढालीवर चालते तो कारखानदार दुसऱ्यांदा पैसे काढावयास दिरंगाई करतो, आणि चुकीचा भार प्रत्यक्षात ज्याने कोणतीही चूक केलेली नाही त्याच्या घरातील चुलीवर पडतो. यास्तव हा प्रश्न रकमेने लहान असला तरी परिणामाने लहान नाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात युपीआयवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. व्यवहारांची संख्या एवढी असता चुकीचे प्रमाण कितीही अल्प मानले तरी अशा प्रसंगांची संख्या उपेक्षणीय राहत नाही.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. चुकून दिलेला पैसा परत मागण्याचा हक्क कायद्याने आहे काय, व देणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे तो नष्ट होतो काय? बँक आपण होऊन तो पैसा परत का फिरवीत नाही? आणि हा हक्क बजवावयाचा तो नेमका कोणाविरुद्ध व कोणत्या मार्गाने? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुने व निःसंदिग्ध आहे. खरी अडचण तिसऱ्या प्रश्नात आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

विवेचनाची मर्यादा आरंभीच सांगणे इष्ट होय. पैसे एका खात्यातून वजा झाले पण दुसऱ्या खात्यात जमाच झाले नाहीत, हा अयशस्वी व्यवहार होय. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदत ठरवून दिली आहे. युपीआयने एका व्यक्तीकडून दुसरीकडे पाठविलेली अशी रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावयास पाहिजे, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देय होते. कोणी फसवून पैसे काढून घेतले तर तो सायबर गुन्हा होय. त्याची वर्दी १९३० या क्रमांकावर तत्काळ द्यावयाची असते. आपला विषय या दोहोंहून भिन्न आहे. येथे यंत्रणेत बिघाड नाही आणि आरंभी कोणाची लबाडीही नाही. देणाऱ्याने स्वतः दिले, यंत्रणेने सांगितल्याबरहुकूम पोहोचविले. चुकला तो केवळ माणूस.

२. परत मागण्याचा हक्क

भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे पाचवे प्रकरण करारसदृश संबंधांविषयी आहे. त्यातील ७२ व्या कलमाचा आशय असा की, ज्यास चुकीने अथवा जुलमाने पैसा दिला गेला असेल त्याने तो परत केला पाहिजे. या कलमाचा गाभा असा आहे की, येथे दोन पक्षांत करार झालेला असण्याची आवश्यकता नाही. भवानी पेठेतील कारखानदार आणि तो अनोळखी खातेदार यांनी एकमेकांस कधी पाहिलेलेही नाही. तरीही पैसा हाती पडताच कायदा त्या दोघांत ऋणको-धनकोचे नाते निर्माण करतो. आपले नसलेले द्रव्य एकाने ठेवून घ्यावे व दुसऱ्याने त्यास मुकावे, हे न्यायास धरून नाही, हे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६० साली ‘मोझेस विरुद्ध मॅकफर्लन’ या खटल्यात याच तत्त्वाची मांडणी केली होती.

देणाऱ्याने नाव नीट वाचले नाही म्हणून त्याचा हक्क जातो काय? या मुद्द्यावर ‘केली विरुद्ध सोलारी’ हा १८४१ सालचा इंग्लिश निवाडा आजही उद्‌बोधक आहे. एका विमा कंपनीने मृताच्या विधवेस विम्याची रक्कम दिली. वस्तुतः हप्ता थकल्यामुळे विमा रद्द झाला होता. परंतु ही गोष्ट संचालकांच्या ध्यानातून गेली होती. आपलीच कागदपत्रे चाळली असती तर कंपनीस सत्य कळले असते, हे खरे. तथापि एवढ्यामुळे परतफेडीचा हक्क नष्ट होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. निष्काळजीपणा ही एक गोष्ट आहे आणि दान ही दुसरी. ज्याने सावधपणे दिले नाही त्याने देऊन टाकले, असा अर्थ होत नाही.

आपल्याकडे या कलमाची व्याप्ती उत्तरोत्तर रुंदावत गेली. चूक वस्तुस्थितीविषयी असो वा कायद्याविषयी असो, ७२ व्या कलमास दोन्ही सारख्याच, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९४९ साली ‘शिवप्रसाद सिंह विरुद्ध श्रीशचंद्र नंदी’ या प्रकरणी दिला. सर्वोच्च न्यायालयाने तोच १९५८ साली बनारसच्या कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ यांच्या विक्रीकराच्या प्रकरणात स्वीकारला, आणि चुकीने वसूल झालेला कर शासनासही परत करावा लागेल असे सांगितले. मात्र या हक्कास काही मर्यादा आहेत, याचाही उल्लेख त्याच निवाड्यात आहे. प्रतिबंध, हक्कत्याग व मुदत या त्या होत. मुदतीविषयी १९६३ चा मुदत अधिनियम पाहावा. असा दावा तीन वर्षांच्या आत आणावा लागतो. त्याच अधिनियमाच्या १७ व्या कलमान्वये ही तीन वर्षे चूक उघडकीस आल्यापासून, अथवा योग्य दक्षता घेतली असती तर ती ज्या वेळी उघडकीस आली असती तेव्हापासून, मोजावयाची असतात.

घेणाऱ्याने पैसा सद्बुद्धीने खर्च करून टाकला तर काय, हा या विषयातील सर्वांत बिकट प्रश्न होय. त्याचे ठळक उदाहरण आपल्याच राज्यात घडले. २०२१ साली पैठण तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यावर १५ लाख रुपये जमा झाले. ते सरकारनेच दिले अशी समजूत होऊन त्याने त्यांपैकी सुमारे ९ लाख रुपये घर बांधण्यात खर्च केले. काही महिन्यांनी, २०२२ च्या प्रारंभी, ती रक्कम एका ग्रामपंचायतीच्या वाट्याची होती असे उघड झाले आणि ती परत करण्याची मागणी त्याच्याकडे करण्यात आली. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९९१ साली ‘लिपकिन गॉर्मन’ प्रकरणात, सद्बुद्धीने स्थिती पालटलेल्या घेणाऱ्याचा बचाव तत्त्वतः मान्य केला आहे. आपल्या ७२ व्या कलमाच्या शब्दांत असा बचाव नाही. प्रतिबंधाच्या तत्त्वातून तो काही प्रमाणात उद्भवू शकेल इतकेच. परंतु हा बचाव प्रामाणिक समजुतीवर आधारलेला आहे. ज्यास फोन करून चूक कळविली गेली आहे त्यास त्या क्षणापासून तो उपलब्ध असू शकत नाही. चूक ध्यानात येताच विनाविलंब कळविण्याचे महत्त्व, व्यवहाराप्रमाणेच कायद्याच्या दृष्टीनेही, येथे आहे.

३. बँकेचे हात कशाने बांधले आहेत

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलेल्या कारखानदारास असे सांगण्यात येते की, ज्याच्या खात्यात रक्कम गेली त्याच्या संमतीवाचून ती परत घेता येत नाही. सामान्य माणसास हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटते. वास्तविक त्यामागे एक जुने तत्त्व आहे. बँकेत ठेवलेला पैसा हा ठेवीदाराचा म्हणून पेटीत बाजूस ठेवलेला नसतो. तो बँकेचा होतो, आणि बँक ठेवीदाराची तेवढ्या रकमेची ऋणको बनते. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १८४८ साली ‘फोली विरुद्ध हिल’ या प्रकरणात हे नाते निश्चित केले. अर्थात् रक्कम जमा होताच घेणाऱ्याची बँक घेणाऱ्याची देणेकरी झाली. दोन तिऱ्हाइतांच्या वादात आपण होऊन निवाडा करून एकाच्या खात्यातून काढणे व दुसऱ्यास देणे, हा अधिकार तिला नाही. तो असता, तर मालाची किंमत मिळाल्यावर ‘चुकून पाठविली’ असे सांगून ती परत फिरविणाऱ्या खरेदीदारापासून भवानी पेठेतील याच कारखानदाराचे रक्षण कोणी केले असते?

रिझर्व्ह बँकेच्या १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकाने या स्थितीस स्पष्ट रूप दिले. इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेली रक्कम केवळ खातेक्रमांकाच्या आधारे जमा करण्याची मुभा बँकांस मिळाली. नाव जुळविण्याचे बंधन राहिले नाही. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर टाकण्यात आली. मात्र त्याच परिपत्रकाने, चुकीच्या खात्यात रक्कम गेल्यास ती परत मिळवून देण्यासाठी बँकांनी सुस्पष्ट व त्वरित कार्य करणारी तक्रारनिवारण यंत्रणा ठेवावी, असेही सांगितले आहे. एतावता बँकेचे कर्तव्य पैसा परत आणून देण्याचे नसले तरी त्यासाठी प्रयत्न करण्याचे निश्चित आहे. घेणाऱ्याच्या बँकेशी पत्रव्यवहार करणे व त्या बँकेने आपल्या खातेदाराची संमती मागणे, हा त्या प्रयत्नाचा विषय होय.

४. शहाजोग हुंडीचे उदाहरण

नाव न पाहता पैसे देण्याची पद्धत आपल्या व्यापारात अगदीच नवी नाही. हुंडीच्या व्यवहारात धनीजोग, नामजोग व शहाजोग असे भेद होते. त्यांपैकी शहाजोग हुंडी हातोहात फिरत असे. तिच्या पाठीवर प्रत्येक वेळी शेरा करण्याचे कारण नसे. परंतु ती वटवावयाची तर शेवटी ती एखाद्या ‘शहा’च्या, म्हणजे बाजारात पत असलेल्या सावकाराच्या, हातून पुढे यावी लागे. तो शहा हुंडी आणणाऱ्याची चौकशी करून मगच ती सादर करी. पुढे हुंडी चोरीची अथवा बनावट ठरली, तर खरा अपराधी हाती लागो वा न लागो, पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८६९ साली ‘दौलतराम श्रीराम विरुद्ध बुलाखीदास खेमचंद’ या खटल्यात शहाजोग हुंडीच्या रूढीचा विचार केला आहे. आणि देशी भाषांतील अशा लेखांविषयीच्या स्थानिक रूढी १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने पहिल्याच कलमात राखून ठेवल्या.

या रूढीतील विशेष असा की, पैसे देणाऱ्यास घेणारा माहीत नसला तरी घेणाऱ्यास ओळखणारा कोणीतरी साखळीत अवश्य असे, आणि चूक झाल्यास तो समोर उभा राहून उत्तरदायी होई. युपीआयच्या साखळीतही घेणाऱ्यास ओळखणारी संस्था आहे. त्याची बँक ती होय. तिने त्याची ओळखपत्रे पाहून खाते उघडलेले असते. परंतु ती जाणते, पण उत्तरदायी नाही; आणि जो उत्तरदायी आहे, म्हणजे पाठविणारा, तो जाणत नाही. ज्ञान व दायित्व यांची ही फारकत हेच आजच्या अडचणीचे मूळ आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पैसे जाण्यापूर्वीच्या टप्प्यावर ही फारकत काही अंशी कमी करण्यात आली आहे. रिझर्व्ह बँकेच्या ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने एनईएफटी व आरटीजीएस यांसाठी खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी असे ठरविले. तद्वत् युपीआयमध्ये, पाठविणाऱ्याने आपल्या मोबाइलमध्ये साठविलेले टोपणनाव न दाखविता बँकेच्या दप्तरातील नावच दाखवावे, अशी सूचना राष्ट्रीय पेमेंट्‌स कॉर्पोरेशनने ३० जून २०२५ च्या मुदतीने दिली. या सुधारणांनी चुका घटतील. परंतु ज्या वस्तीत मराठी, तेलुगू व कन्नड नावे रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात आणि एकाच आडनावाची अनेक घरे असतात, तेथे नाव हे ओळखीचे पूर्ण साधन नव्हे. पैसे गेल्यानंतरच्या टप्प्यावर तर या सुधारणांचा काहीच उपयोग नाही.

५. हक्क बजावण्याचा मार्ग

चूक ध्यानात आल्यावर प्रथम बारा अंकी व्यवहारक्रमांक, वेळ व पडद्यावरील नाव जतन करावे. क्रमांक ठाऊक असल्यास घेणाऱ्याशी बोलावे; न बोलल्यास लेखी संदेश पाठवावा. पुढील विवादात ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव या संदेशाने खुंटतो. त्याच दिवशी ॲपमध्ये व आपल्या बँकेत लेखी तक्रार नोंदवावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून यासाठी एकात्मिक योजना सुरू झाली. परंतु लोकपालाचे अधिकारक्षेत्र बँकेच्या सेवेतील उणिवेपुरते आहे. बँकेने आपले काम केले आणि घेणाऱ्यानेच नकार दिला, तर लोकपाल त्या घेणाऱ्यास हुकूम करू शकत नाही.

फौजदारी उपायाचाही विचार येथे केला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात मालमत्तेच्या अप्रामाणिक अपहाराची व्याख्या आहे. पैसा खात्यात येणे हा अपराध नव्हे. आपला समजून तो खर्च करणे हाही नव्हे. परंतु चूक कळल्यावर अप्रामाणिकपणे तो स्वतःच्या उपयोगास लावणे हा अपराध होतो, आणि त्यास किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कारावास व दंड सांगितला आहे. पूर्वीच्या दंड संहितेच्या ४०३ व्या कलमात किमान शिक्षा नव्हती. तथापि हा अपराध अदखलपात्र असल्यामुळे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांस तपास करता येत नाही. ठाण्यात नोंद होते, पण तपास होत नाही, या अनुभवाचे कारण पोलिसांच्या अनास्थेपेक्षा अपराधाच्या या वर्गीकरणात अधिक आहे.

उरला तो दिवाणी मार्ग. वादकारण अंशतः सोलापुरात उद्भवले असल्याने दावा सोलापूरच्या न्यायालयात दाखल करता येईल. पण प्रतिवादी कोण? नाव एवढेच ठाऊक आहे. पत्ता नाही, आणि पत्त्यावाचून समन्स बजावता येत नाही. बँक पत्ता सांगत नाही, कारण खातेदाराची माहिती गुप्त राखणे हे तिचे कर्तव्य आहे. युपीआय चालविणाऱ्या संस्थेवरही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अधिनियमाच्या २२ व्या कलमाने गुप्ततेचे बंधन घातले आहे. दोन्ही बंधनांस न्यायालयाचा आदेश हा अपवाद आहे. म्हणजे पत्ता मिळण्यास दावा हवा आणि दावा चालण्यास पत्ता हवा, अशी ही कोंडी आहे. ती अगदीच अभेद्य नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ७ वा आदेश प्रतिवादीचा पत्ता ‘शक्य तितका’ देण्यास सांगतो. तेव्हा उपलब्ध माहितीवर दावा दाखल करून, घेणाऱ्याच्या बँकेसही औपचारिक पक्षकार करून, माहितीचा आदेश मागता येतो. परंतु ३,५०० रुपयांसाठी वकील, मुद्रांक व तारखा यांचा खर्च कोण सोसणार? खर्चाच्या दृष्टीने विधिसेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीचा दावापूर्व मार्ग अधिक सुसह्य आहे. तेथे झालेल्या तडजोडीस १९८७ च्या अधिनियमान्वये हुकूमनाम्याचे बळ येते. मात्र नोटीस पोहोचविण्यास तेथेही पत्ता लागतोच.

या कोंडीवर युरोपात शोधलेला तोडगा लक्षणीय आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या दुसऱ्या पेमेंट सेवा निर्देशाचे ८८ वे कलम सांगते की, चुकीच्या ओळखक्रमांकामुळे पैसा भलत्या खात्यात गेला तर बँक दोषी नाही. येथवर ते आपल्या २०१० च्या परिपत्रकासारखेच आहे. पण ते पुढे जाते. पाठविणाऱ्याच्या बँकेने वसुलीचा वाजवी प्रयत्न करावा, घेणाऱ्याच्या बँकेने त्यास माहिती देऊन सहकार्य करावे, आणि वसुली न झाल्यास, लेखी मागणी आल्यावर, दावा करण्यास आवश्यक ती सर्व उपलब्ध माहिती पाठविणाऱ्यास देण्यात यावी, असे त्यात म्हटले आहे. ब्रिटनने २०१७ च्या नियमांत हीच तरतूद स्वीकारली. बँकेस न्यायाधीश बनविणे त्यात नाही; फक्त प्रतिवादी कोण हे सांगावयाचे आहे.

६. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, चुकून गेलेला पैसा परत मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात १८७२ पासून आहे, निष्काळजीपणाने तो नष्ट होत नाही, आणि तो बजावण्यास नवे कलम नको आहे. उणीव आहे ती हक्कापासून प्रतिवादीपर्यंत पोहोचविणाऱ्या एका पायरीची. गुप्ततेचे तत्त्व खातेदाराच्या रक्षणासाठी आहे. दुसऱ्याचा पैसा ठेवून घेणाऱ्यास आडोसा मिळावा यासाठी नाही. घेणाऱ्यास नोटीस देऊन ठराविक दिवसांत त्याने संमती अथवा आपल्या हक्काचे कारण कळवावे, आणि त्याने दोन्हीही न केल्यास त्याचे नाव व पत्ता लोकअदालतीपुढे सादर व्हावा, एवढा नियम झाला तरी बहुसंख्य प्रकरणे दाव्यावाचून मिटतील. माहिती पाठविणाऱ्याच्या हाती न देता न्यायपीठाच्या हाती दिल्यामुळे तिच्या दुरुपयोगाची भीतीही राहणार नाही.

तोपर्यंत शहाचे काम पाठविणाऱ्यानेच करावयाचे आहे. नव्या अथवा फार दिवसांनी वापरावयाच्या क्रमांकावर आधी एक रुपया पाठवून समोरच्याच्या तोंडून तो मिळाल्याचे ऐकावे आणि मगच उरलेली रक्कम पाठवावी, ही सावधगिरी पूर्वीच्या सावकाराच्या चौकशीहून तत्त्वतः वेगळी नाही. चूक झालीच, तर कामगाराची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी आणि वसुलीचा मार्ग आपण चालावा. कायद्याने ते ओझे कारखानदाराच्याच शिरावर ठेवले आहे.